क्रूझवर कॅप्टनच्या असण्यानं काय फरक पडतो? सोलापूरकर प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून मंडळी घेऊन मी मुंबईला जाते आणि तिथून क्रूझवर. निघण्याआधी आमच्याकडे सगळ्यांची एक बैठक होते. जेवण, औषधं, उलटीची गोळी हे विषय येतातच, पण हटकून निघतो तो जहाज चालवणाऱ्या माणसाचा विषय. मला त्याचं नवल वाटत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालेला आपला माणूस बसमध्ये पाय ठेवताना ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे एकदा बघून घेतोच. जहाजावर तो चेहरा दिसत नाही, म्हणून तो आधी विचारतो. बैठकीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

कॅप्टन आम्हाला भेटतो का, की फक्त फोटोतच दिसतो?

भेटतो, पण थोडा वेळ. चार-पाच दिवसांच्या सफरीत बहुतेक जहाजांवर एका संध्याकाळी स्वागताचा कार्यक्रम असतो. मोठ्या दालनात सगळे जमतात, कॅप्टन आपल्या अधिकाऱ्यांची ओळख करून देतो, दोन शब्द बोलतो, लोकांबरोबर फोटो काढतो. त्याच्या खांद्यावर किंवा बाहीवर चार सोनेरी पट्ट्या असतात, त्यावरून तो ओळखू येतो. एरवी तो कधी जेवणघरात चक्कर मारताना दिसेल, कधी सकाळी उघड्या डेकवर.

पण तो दिसला की भेटला आणि दिसला नाही की भेटला नाही, असा हिशेब करू नका. तो सगळ्यात जास्त भेटतो तो आवाजातून. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तो पार्टीत उभा असतो तेव्हा जहाज कोण चालवतं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी शाबासकी देते. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवलं जातं तिथे, चोवीस तास अधिकाऱ्यांची पाळी असते. साधारण चार तास काम आणि आठ तास विश्रांती, अशी ती फिरते. आपल्याकडे गिरणीत पाळ्या लागायच्या, तसंच. खुल्या समुद्रात कॅप्टननं सुकाणूजवळ उभं राहायची गरज नसते. बंदरात शिरताना, निघताना, धुक्यात, अरुंद पाण्यात किंवा हवा बिघडली की तो स्वतः ब्रिजवर असतो. त्याच्या हाताखाली स्टाफ कॅप्टन असतो, आणि गरज पडल्यास तो पूर्ण जबाबदारी घेऊ शकतो.

बंदरात जहाज नेताना त्या बंदराचा माहीतगार पायलट लहान बोटीनं येऊन शिडीवरून जहाजावर चढतो. मुंबईतही चढतो. जमलं तर डेकवरून बघा, बघण्यासारखं दृश्य असतं. पायलट मार्ग सांगतो, पण जहाजाची जबाबदारी तेव्हाही कॅप्टनचीच असते.

दारूबद्दलही विचारणा होते. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यांसाठी रक्तातल्या अल्कोहोलची आंतरराष्ट्रीय मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि अनेक कंपन्यांचे स्वतःचे नियम त्याहून कडक असतात. कॅप्टनच्या हातात ग्लास दिसला तर त्यात बहुधा सरबत असतं.

मग आमच्या सहलीत त्याच्या असण्यानं नेमका काय फरक पडतो? जेवण आचारी करतो, खोली दुसरंच कुणी आवरतं.

याचं उत्तर दोन सफरींतून देते. दोन्हीत मी होते.

पहिली सफर लक्षद्वीपची. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते दूर उभं राहतं आणि लहान बोटींतून लोकांना किनाऱ्यावर नेतात. आमची माणसं पहाटेपासून तयार होती, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं घेऊन. सातच्या सुमारास स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. दुसऱ्या कुणाचा नाही, त्याचा स्वतःचा. त्यानं सांगितलं की बोटीच्या दाराशी लाटा उंच आहेत, एक रिकामी बोट पाठवून बघितली, ती जहाजाच्या अंगाला लागून दारापाशी बरीच वर-खाली होत होती. तुमच्यात वयस्कर माणसं आणि लहान मुलं आहेत, मी त्यांना त्या बोटीत पाय ठेवू देणार नाही. नऊ वाजता पुन्हा बघेन आणि जे असेल ते नऊला सांगेन.

नऊला, अगदी ठोक्याला, तो पुन्हा बोलला. बेट रद्द. वाईट वाटतंय, म्हणाला. आमच्यातले एक काका सकाळपासून चिडलेले होते, घोषणेचा अर्थ सांगितल्यावर टोपी काढून बसले आणि म्हणाले, "खरं सांगितलं की माणूस ऐकतो बघा." त्या दिवशी किनारा कुणी पाहिला नाही. तरी परतल्यावर त्या सफरीला कुणी नावं ठेवली नाहीत.

दुसरी सफर दुसऱ्या जहाजावरची. रात्री एकच्या पुढे इंजिनचा आवाज बदलला. जहाज मंद झालं, मग थांबल्यासारखं वाटलं. दिवे चालू होते, एसी चालू होता, घोषणा मात्र काही नाही. मी दार उघडलं तर कॉरिडॉरच्या गालिच्यावर आमच्या एक काकू बसलेल्या. इरकल साडीवर केशरी लाइफ जॅकेट घातलेलं, पट्टा उलटा लावलेला, मांडीवर नातू झोपलेला. हातात देवाचा अंगारा. मी शेजारी बसले. रिसेप्शनला फोन लावला, "सगळं ठीक आहे" एवढंच उत्तर मिळालं. काय ठीक आहे, का थांबलोय, किती वेळ, काही नाही. तोवर कॉरिडॉरभर कुजबुज पसरली होती. कुणी म्हणे पाणी शिरलं, कुणी म्हणे कुणीतरी पडलं. पहाटे जहाज पुन्हा वेगानं निघालं. दुपारी कळलं की एका यंत्राची दुरुस्ती होती, धोका कधीच नव्हता.

धोका नव्हता हे खरंच असेल. पण त्या काकू पुढचे दोन दिवस पोटभर जेवल्या नाहीत आणि परत कधी जहाजावर येणार नाहीत. जेवण दोन्ही जहाजांवर चांगलं होतं, खोल्याही स्वच्छ होत्या. फरक एकाच माणसाच्या दोन मिनिटांच्या बोलण्याचा होता. माझ्या लेखी कॅप्टनचं असणं म्हणजे हेच: वाईट बातमी वेळेवर, स्वतःच्या तोंडानं, कारणासकट सांगणं.

रात्री उगीच घोषणा करून लोकांची झोप मोडू नये, म्हणून गप्प राहत असतील ना?

असतील, आणि त्यात तथ्य आहे. केबिनमधले स्पीकर सहसा फक्त महत्त्वाच्या घोषणांसाठी वाजतात. पण लोक जागे होऊन कॉरिडॉरमध्ये आले की झोपेचा मुद्दा संपला. तिथे बोलायलाच हवं होतं, हे माझं ठाम मत आहे.

रोज दुपारी तो जे सांगतो, त्यात ऐकण्यासारखं काय असतं?

बऱ्याच जहाजांवर दुपारी बाराच्या आसपास कॅप्टन बोलतो. जहाज कुठे आहे, वेग किती, खाली पाणी किती खोल, वारा कुठून, उद्या हवा कशी. वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. अठरा नॉट ऐकलं तर साधारण तेहतीस किलोमीटर समजा, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही हळू.

हे आकडे कशाला, असं पहिल्या दिवशी वाटतं. तिसऱ्या दिवशी लोक त्यांची वाट बघतात. चहूकडे पाणीच पाणी असताना आपण कुठे आहोत हे कुणाला तरी माहीत आहे, या गोष्टीनं जीव थाऱ्यावर येतो. आमच्या एका मंडळातले निवृत्त शिक्षक रोजचा आकडा वहीत टिपायचे आणि जेवताना मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवायचे.

"आज रात्री जहाज थोडं हलेल" हे ज्या दिवशी तो आधीच सांगतो, त्या रात्री लोक निम्मे घाबरतात. जहाजाच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं कमी करतात. लाटा सोसवतील अशा दिशेनं घेण्यासाठी कॅप्टन मार्गही थोडा वळवतो. ज्यांना मळमळीचा त्रास आहे त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधली केबिन घ्यावी. तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते.

मंडळी इंग्रजी समजणारी नाहीत. कॅप्टनचं बोलणं कसं कळायचं?

कॅप्टन इटालियन असेल, ग्रीक असेल, भारतीय असेल, घोषणा बहुधा इंग्रजीतच होते. मुंबईहून निघणाऱ्या सफरींवर पुढच्या सूचना हिंदीतही देतात, पण त्या कॅप्टनच्या तोंडून नसतात. आम्ही ठरवून टाकलं आहे: घोषणा झाली की सगळ्यांनी ठरलेल्या जिन्यापाशी यायचं, तिथे मी किंवा आमच्यातलं कुणी मराठीत सांगतं. तेलुगू आणि कन्नड बोलणारी मंडळीही आपल्यात असतात, त्यांच्यातलंच कुणी पुढे त्यांना सांगतं. भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विसंबू नका.

भाषा कळली नाही तरी आवाज कळतो, हेही पाहिलं आहे. आमच्या एका आजींना इंग्रजीचा गंध नव्हता. घोषणा संपली की त्या सांगायच्या, आज तो घाईत आहे, आज तो निवांत आहे. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

पहिल्याच दिवशी ते लाइफ जॅकेटचं काय करायला लावतात? ते टाळता येतं का?

टाळता येत नाही आणि टाळूही नका. त्याला मस्टर ड्रिल म्हणतात. संकटात कुणी कुठे जमायचं याचा सराव. संकटाची खूण म्हणजे भोंगा, सात आखूड आणि मग एक लांब.

गिरण्यांच्या दिवसांतल्या सोलापूरकराला भोंग्याचा अर्थ समजावून सांगायला लागत नाही. हे शहर एकेकाळी भोंग्यावर उठलं, जेवलं आणि पाळीला गेलं. सरावात जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा आमच्यातले जुने गिरणी कामगार आपोआप उठून उभे राहिले होते.

हा सराव इतका कडक का झाला ते ऐका. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीतल्या जिल्यो बेटाला फार जवळून जाताना खडकावर आपटलं. जहाजावर चार हजारांवर माणसं होती, त्यांतली ३२ गेली. आपटल्यावर प्रवाशांना सांगण्यात आलं की विजेचा बिघाड आहे. जहाज सोडायचा आदेश यायला तासाहून अधिक वेळ गेला. कॅप्टन फ्रांचेस्को स्केत्तीनो प्रवासी आत असतानाच जहाजावरून उतरला होता. तटरक्षक दलाचा अधिकारी त्याला फोनवर परत जहाजावर जा म्हणून ओरडत होता, ते संभाषण जगानं ऐकलं. २०१५ मध्ये त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली, २०१७ मध्ये ती कायम झाली.

त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या सराव झालाच पाहिजे. म्हणून त्या अर्ध्या तासात कंटाळून फोटो काढत बसू नका.

आमचे आजोबा "रामदास" बोटीचं नाव काढून घाबरवतात. त्यांना काय सांगावं?

त्यांना खोटं पाडू नका. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती आठवण कोकणात घराघरांत आहे, आणि गिरणगावातल्या नातेवाइकांमुळे आपल्याकडेही पोहोचली. आजोबांना एवढंच सांगा की मोठी क्रूझ जहाजं मुंबईहून भर पावसाळ्यात सहसा निघत नाहीत, हवेचा अंदाज अनेक दिवस आधी मिळतो, आणि ठीक वाटलं नाही तर कॅप्टन निघायचं नाकारू शकतो. तो नाकारतो तेव्हा चिडायचं नाही, हे मात्र तुम्ही स्वतःला सांगा.

ठरलेलं बंदर त्यानं गाळलं तर भांडायचं का? पैसे तर पूर्ण भरलेत.

कॅप्टनशी भांडून उपयोग नाही. समुद्रावरच्या सुरक्षेचा सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये तो पहिल्यांदा झाला आणि नंतर बदलत गेला. सुरक्षेसाठी कॅप्टनला जो निर्णय गरजेचा वाटतो त्यात जहाजाचा मालक किंवा कंपनी अडथळा आणू शकत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणजे कंपनीच्या मुख्यालयातून फोन आला तरी शेवटचा शब्द त्याचाच.

पैशांबद्दल: बहुतेक कंपन्यांच्या अटींत बंदर गाळण्याचा हक्क राखलेला असतो. फार तर त्या बंदराचे शुल्क परत मिळतं. तिकीट काढण्याआधीच आम्ही या अटी मराठीत वाचून दाखवतो.

मी मात्र एक अपेक्षा ठेवते आणि तुम्हीही ठेवा. निर्णय त्याचा, पण कारण कळणं हा आपला हक्क. वारीत चोपदारानं चोप उंच केला की लाखांचा समाज क्षणात शांत होतो. ते त्या काठीच्या धाकानं होत नाही. ती काठी उगाच वर जात नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं, म्हणून होतं. कॅप्टनच्या आवाजाला तसं वजन यायचं तर त्यानंही प्रत्येक वेळी खरं बोललेलं असावं लागतं.

आम्ही बंदरावर फिरायला गेलो आणि उशीर झाला तर तो थांबेल का?

नाही. जहाजानंच ठरवलेल्या सहलीची बस उशिरा आली तर सहसा थांबतात. स्वतः रिक्षा करून गेलात आणि अडकलात तर जहाज निघून जातं. तसंच मुंबईतही. वंदे भारत सकाळी सोलापुरातून निघून दुपारी सीएसएमटीला पोहोचते, पण मी तीवर भरवसा ठेवत नाही. आम्ही आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस घेतो. जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअर धक्का सीएसएमटी स्टेशनपासून टॅक्सीनं जवळच आहे.

कॅप्टनबरोबर एका टेबलावर जेवायला मिळतं म्हणे?

काही जहाजांवर निवडक प्रवाशांना बोलावणं येतं. नेहमी येणारे, महागड्या केबिनमधले, कधी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असलेले. आलं तर जरूर जा. धोतर-टोपी, नऊवारी, इरकल, काहीही घाला, भारतीय पोशाखाला कुठे अडवत नाहीत. नाही आलं तर हळहळू नका. मला विचाराल तर त्या टेबलापेक्षा सकाळी सहा वाजता उघड्या डेकवर जाणं बरं.

तिथे मी एकदा पाहिलं ते सांगते. कॅप्टन एकटाच चालत होता. वाऱ्यानं उडालेला कागदी रुमाल खाली पडला होता. तो वाकला, उचलला, खिशात घातला आणि पुढे गेला. कुणाला हाक मारली नाही, कुणाकडे रागानं पाहिलं नाही. पलीकडे डेक धुणारा पोरगा उभा होता, त्यानं ते पाहिलं. पुढे गेल्यावर कॅप्टन त्या पोराला नावानं "गुड मॉर्निंग" म्हणाला. त्या जहाजावर आमच्या मंडळींना चार दिवसांत एकही उद्धट माणूस भेटला नाही. केबिन आवरणाऱ्या मुलापासून वाढप्यापर्यंत. वरचा माणूस कसा आहे ते खालपर्यंत झिरपतं, ज्यांनी कारखाना चालवला आहे त्यांना हे मी सांगायला नको.

ब्रिज बघता येतो का?

पूर्वी सहज नेत. २००१ नंतर सुरक्षेमुळे बहुतेक जहाजांनी ते बंद केलं. काही जहाजांवर काचेआडून बघायची सोय असते, काही ठिकाणी पैसे भरून मार्गदर्शकासोबत फेरी असते. विचारून बघा.

कॅप्टन बाई असते का?

असते. २००७ मध्ये स्वीडनच्या कारिन स्तारे-यान्सन मोठ्या क्रूझ जहाजाच्या पहिल्या महिला कॅप्टन झाल्या. २०१५ मध्ये केट मॅक्यू या अमेरिकन बाई कॅप्टन झाल्या. आपल्याकडे राधिका मेनन मालवाहू जहाजांच्या कॅप्टन. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात वादळी समुद्रात अडकलेल्या सात मच्छीमारांना त्यांनी वाचवलं आणि २०१६ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. बैठकीला आलेल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

जहाजावर कॅप्टन लग्न लावून देतो, ते कायदेशीर असतं का?

सगळीकडे नाही. बर्म्युडा, माल्टा अशा काही देशांत नोंदलेल्या जहाजांवर तशी सोय आहे. आपल्या मंडळींनी लग्न इथेच करावं, नोंदणी इथेच करावी आणि जहाजावर हौसेनं हार घालावेत.

समुद्रात कुणी आजारी पडलं तर कॅप्टन काय करतो?

जहाजावर डॉक्टर आणि दवाखाना असतो. डॉक्टर सांगतो की किनाऱ्यावर न्यायला हवं, आणि जहाज वळवायचं की नाही हे कॅप्टन ठरवतो. हृदयविकार, मधुमेह, डायलिसिस यांपैकी काही असेल तर आम्हाला आधी सांगा, लपवू नका. लपवलेल्या आजारानं एका माणसाबरोबर सगळ्या जहाजाचा मार्ग बदलू शकतो.

करोनाच्या वेळी जहाजांचं काय झालं ते आठवतं. तेव्हा कॅप्टन काय करू शकत होता?

फेब्रुवारी २०२० मध्ये डायमंड प्रिन्सेस हे जहाज जपानमध्ये योकोहामाला अडकलं. साधारण ३,७०० माणसं होती, सातशेहून अधिक जणांना लागण झाली, काही दगावली. भारतीय कर्मचारीही शंभरावर होते. दोन आठवडे प्रवासी केबिनमध्ये कोंडलेले, काहींना तर खिडकीही नाही. कॅप्टन जेन्नारो आर्मा यांच्या हातात ना औषध होतं ना परवानगी. ते स्पीकरवर बोलत राहिले. आज काय कळलं, काय कळलं नाही, जेवण कधी येईल, धीर धरा. १ मार्चला ते सगळ्यांत शेवटी एकटे जहाजावरून उतरले, तोंडाला मास्क, हातात ओढायची बॅग. स्केत्तीनो आणि आर्मा, दोघं एकाच देशाचे, इटलीचे. मी बैठकीत दोघांचीही गोष्ट सांगते.

सोलापूरचा आणि जहाजांचा संबंध काय? इथून समुद्र कुठे आणि आपण कुठे!

हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापुरातला. त्यांच्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं "लॉयल्टी" हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून इंग्लंडला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. कंपनी भारतीय होती, पण अधिकारी व्हायचं शिक्षण भारतीय पोरांना देशात मिळत नव्हतं. ते १९२७ मध्ये मुंबईत "डफरिन" या शिक्षण जहाजावर सुरू झालं. आज परदेशी जहाजावर चार पट्ट्यांचा भारतीय कॅप्टन दिसतो, त्याच्या मागे हा सगळा खटाटोप आहे. आणि १९३८ मध्ये चीनला गेलेले आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीसही मुंबईहून बोटीनंच गेले होते.

मुलाला किंवा मुलीला कॅप्टन व्हायचं असेल तर?

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घ्या, इंग्रजी पक्कं करा, इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा द्या. रंगांधळेपण चालत नाही, म्हणून डोळे आधी तपासून घ्या. कॅडेटपासून कॅप्टनपर्यंत परीक्षा आणि समुद्रावरचे महिने मोजत दहा-पंधरा वर्षं सहज जातात. घरापासून सलग महिनोन्‌महिने दूर राहावं लागतं, हेही पोराला आजच सांगा.

कॅप्टनला टिप द्यायची असते का? आणि काही भेट द्यावीशी वाटली तर?

टिप अजिबात नाही. ती केबिन आवरणाऱ्यांसाठी आणि वाढप्यांसाठी असते. कॅप्टनपर्यंत कौतुक पोहोचवायचं असेल तर शेवटच्या दिवशीच्या अभिप्रायाच्या कागदावर लिहा, ज्यांनी चांगलं केलं त्यांची नावं लिहा. ती नावं वर वाचली जातात. भेट द्यायची असेल तर खाण्याची वस्तू टाळा. शेंगाची चटणी कितीही खास असली तरी घरी बांधलेली पुडी जहाजावर बहुतेक ठिकाणी चालत नाही. कापडी वस्तू रिसेप्शनवर दिली की पोहोचते.

लक्षद्वीपच्या त्या सफरीत आमच्या एका आजोबांनी चादर आणली होती. आयुष्य मागावर गेलेलं, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. फोटोच्या रांगेत त्यांनी ती कॅप्टनच्या हातात दिली. त्यानं तिथेच घडी उलगडली, मोरांची नक्षी पाहिली, मग चादर पालटून मागची बाजू पाहिली. तिथेही तेच मोर, फक्त रंग उलटे. उलटी बाजू कुठली, असं त्यानं विचारलं. मी ते आजोबांना मराठीत सांगितलं. आजोबांनी चादरीचं टोक हातात घेतलं, काठाचे धागे अंगठ्यानं वेगळे केले आणि त्याला दाखवू लागले. मागे रांग थांबली होती. कॅप्टननं हातानंच थांबा म्हणून खूण केली आणि खाली वाकून बघत राहिला.